ओमसवाद आणि पक्षबद्ध लेखणी

विनयपिटकातील पाचित्तिय नियमांपैकी दुसरा नियम ‘ओमसवाद’ या नावाने ओळखला जातो. ओमसवाद म्हणजे समोरच्याला टोचून हीन लेखणारे बोलणे. छब्बग्गिय भिक्खू सदाचारी भिक्खूंशी भांडत असता त्यांची जात, नाव, गोत्र, कर्म, शिल्प, व्याधी, शरीराची ठेवण यांवरून त्यांची हेटाळणी करीत, तेव्हा तथागतांनी हा नियम घालून दिला. नियमाच्या विभंगात त्या काळी हीन समजल्या गेलेल्या जातींची नावे स्पष्ट नोंदविलेली आहेत : चण्डाल, वेण, नेसाद, रथकार, पुक्कुस. जातीवरून केलेल्या अपमानाला दोष ठरवून त्याला नियमबद्ध करणारा इतका जुना लिखित दाखला या देशात दुसरा क्वचितच सापडेल.

परंतु आमचे लक्ष वेधले ते या नियमाच्या बारकाव्याने. विभंग केवळ शब्दावर थांबत नाही. ‘क्षत्रिय’, ‘ब्राह्मण’ अशा उच्च समजल्या गेलेल्या शब्दांनी जरी कोणाला संबोधिले, पण मनात हिणवण्याचा हेतू असला, तर आपत्ती आहेच. तेच शब्द थट्टेच्या ओघात आले तर ती ‘दुब्भासित’ या नावाची हलकी आपत्ती; हलकी खरी, पण आपत्ती. आणि तोच शब्द अर्थ सांगण्यासाठी, धम्म सांगण्यासाठी, अनुशासनासाठी उच्चारला असेल तर आपत्ती नाही. शब्द, हेतू आणि प्रसंग या तिन्हींचा विचार येथे आहे. बोलणारा कोणत्या आचार्याचा अंतेवासी, कोणत्या गटातला, हा प्रश्न मात्र विभंगात कोठेही विचारलेला नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय विनय नाही. नियम भिक्खूंसाठी आहे आणि राजकीय पुढाऱ्यांना किंवा वृत्तपत्रांच्या संपादकांना तो लागू करावा असा आमचा आग्रहही नाही. तथापि अमेरिकेतील काही राजकीय पुढाऱ्यांची कृष्णवर्णीयांविषयीची उद्गारप्रकरणे आणि त्यांवर तेथील वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने उठविलेले रान यांचा अभ्यास करीत असता हा नियम आम्हांला वारंवार आठवत राहिला. जो प्रश्न विभंगाने वगळला, तोच एक प्रश्न तेथील प्रसारमाध्यमांनी सर्वप्रथम विचारला आणि बहुधा तोच एक विचारला.

या परक्या देशाच्या भानगडीत आम्ही का पडावे, असे कोणी विचारील. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर नेते व विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे त्यांच्या लोकांनी पाठविलेल्या अर्जाची माहिती मागविली होती आणि ड्यू बॉइस यांनी त्याला सहानुभूतीचे उत्तर पाठविले होते. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच तिकडून घेतले. वर्ण आणि जात एकच, असे मात्र कोणी समजू नये. जातीचा उगम वंशभेदात आहे हे मत बाबासाहेबांनी स्वतः खोडून काढले होते. अपमानाची रीत तेवढी दोन्हीकडे ओळखीची आहे. आणखी एक गोष्ट प्रारंभीच सांगतो. पुढे ‘रिपब्लिकन’ हा शब्द वारंवार येईल. तो अमेरिकेतील पक्षाचा वाचक आहे, नामसाधर्म्यावरून घोटाळा होऊ नये.

५ डिसेंबर २००२ रोजी वॉशिंग्टन येथे सिनेटच्या एका इमारतीत स्ट्रॉम थर्मंड यांचा शंभरावा वाढदिवस साजरा झाला. थर्मंड हे दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील वर्णभेद मोडण्याचा आदेश काढला, त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षातून फुटून निघालेल्या दाक्षिणात्यांच्या पक्षातर्फे थर्मंड राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले होते. गोऱ्यांनी व काळ्यांनी वेगळेच राहिले पाहिजे, हा त्या पक्षाच्या जाहीरनाम्याचा गाभा होता. दक्षिणेतील चार राज्ये त्यांनी जिंकली आणि निर्वाचकांची ३९ मते मिळविली. मिसिसिपी राज्यात त्यांना शेकडा ८७ मते पडली. अर्थात तेथे काळ्या माणसाला मतपेटीपर्यंत पोहोचूच दिले जात नव्हते, हे त्या आकड्याचे रहस्य आहे. १९५७ साली नागरी हक्कांचे विधेयक रोखण्यासाठी थर्मंड सिनेटमध्ये सलग २४ तास १८ मिनिटे बोलत उभे होते. १९६४ साली ते रिपब्लिकन पक्षात गेले.

या वाढदिवशी सिनेटमधील रिपब्लिकन नेते, मिसिसिपीचे ट्रेंट लॉट, बोलावयास उठले. ते म्हणाले ते असे : थर्मंड राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते तेव्हा आमच्या राज्याने त्यांना मते दिली, आम्हांला त्याचा अभिमान आहे, आणि उरलेल्या देशाने आमचे अनुकरण केले असते तर इतकी वर्षे या साऱ्या अडचणी आपल्याला सोसाव्या लागल्या नसत्या.

या वाक्यात एकही अपशब्द नाही. कोणाच्या जातीचा वा वर्णाचा उल्लेख नाही. एका शतायुषी वृद्धाचा गौरव, एवढेच वरवर दिसते. पण ‘या साऱ्या अडचणी’ म्हणजे कोणत्या? १९४८ नंतर अमेरिकेत काय घडले? १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले, १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला, १९६५ साली मताधिकाराचा कायदा झाला. ज्यांना हे सारे मिळाले त्यांचे माणूसपण म्हणजेच त्या अडचणी. शिवी न देता लक्षावधी लोकांना खाली ढकलणारे हे वाक्य होते. ओमसवादाच्या विभंगात शब्दाहून हेतूला जे महत्त्व दिले आहे त्याचा अर्थ अशा वेळी उमगतो.

समारंभास पत्रकार हजर होते आणि सी-स्पॅन वाहिनीवरून तो देशभर दाखविला जात होता. तरीही दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या वृत्तपत्रांत या उद्गारांची बातमी नव्हती. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे थॉमस एड्सल यांनी ७ डिसेंबरला ती दिली, तीही आतल्या पानावर. विषय धगधगता ठेवला तो इंटरनेटवर स्वतःची टिपणे लिहिणाऱ्या काही मंडळींनी, आणि त्यांत डावे होते तसे उजवेही होते. स्वतः विरोधी पक्षाचे नेते टॉम डॅशल यांनी प्रथम लॉट यांची बाजू सावरून घेतली : ध्वनिक्षेपकापुढे आपण दोघेही कधी कधी नको ते बोलून जातो, असा त्यांचा सूर होता. काँग्रेसमधील कृष्णवर्णीय सदस्य संतापले, तेव्हा कोठे डॅशल यांचा स्वर कडक झाला. हे आम्ही मुद्दाम नोंदवितो. कारण नंतर डेमोक्रॅटिक बाजूच्या लेखकांनी असे चित्र रंगविले की त्यांचा पक्ष पहिल्या क्षणापासून पेटून उठला होता.

लॉट यांनी ९ डिसेंबरला लेखी दिलगिरी व्यक्त केली. शब्दांची निवड चुकली आणि त्यामुळे काहींचा असा समज झाला की आपण टाकून दिलेल्या जुन्या धोरणांचा पुरस्कार करतो, असे तिचे स्वरूप होते. अशी क्षमायाचना आमच्या वाचकांना अपरिचित नाही. दोष बोलणाऱ्याकडून निघून ऐकणाऱ्याच्या ‘समजा’कडे सरकतो. १२ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी फिलाडेल्फियात आपल्याच पक्षाच्या नेत्याला जाहीरपणे फटकारले. १६ डिसेंबरला लॉट कृष्णवर्णीयांसाठी चालविल्या जाणाऱ्या बीईटी वाहिनीवर गेले आणि आपण राखीव संधींच्या धोरणाचे समर्थक आहोत असे सांगू लागले. २० डिसेंबरला त्यांनी नेतेपद सोडले.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. लॉट यांनी पायउतार व्हावे अशी मागणी ज्यांनी लावून धरली त्यांत उजव्या विचाराचे स्तंभलेखक व नियतकालिके ठळकपणे होती. विल्यम क्रिस्टल, चार्ल्स क्राउथॅमर यांची नावे सर्वांना माहीत आहेत. पक्षनिष्ठेवर मात करून त्यांनी हे केले, असे म्हणावे काय? काही अंशी होय, आणि तेवढे श्रेय आम्ही देतो. काही अंशी मात्र लॉट हे नेता म्हणून त्यांना कधीचेच कुचकामी वाटत होते आणि पक्षाच्या गळ्यातले लोढणे उतरविण्याची ही आयती संधी होती. हेतू मिश्र असू शकतो. मनुष्याचे चित्त असेच असते.

आमची खरी तक्रार दोन्ही बाजूंच्या वृत्तपत्रांविरुद्ध आहे, आणि ती निराळी आहे. लॉट यांचे हे उद्गार आकाशातून पडले नव्हते. नोव्हेंबर १९८० मध्ये जॅक्सन शहरातील प्रचारसभेत थर्मंड यांच्याच उपस्थितीत त्यांनी जवळजवळ हेच वाक्य उच्चारले होते आणि तेथील वृत्तपत्राने ते छापलेही होते. १९८१ साली वर्णभेद पाळणाऱ्या बॉब जोन्स विद्यापीठाची करसवलत टिकावी म्हणून त्यांनी न्यायालयात निवेदन दाखल केले. १९८२ साली मताधिकार कायद्याच्या मुदतवाढीला विरोध केला. १९८३ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या राष्ट्रीय सुटीविरुद्ध मत दिले. त्याच सुटीच्या बाजूने मत देणाऱ्यांत, आश्चर्य वाटेल, स्वतः थर्मंड होते. २००१ साली रॉजर ग्रेगरी या कृष्णवर्णीय न्यायाधीशाच्या नेमणुकीवर ९३ विरुद्ध १ असे मतदान झाले, ते एक मत लॉट यांचे होते.

हे सारे सरकारी दप्तरात उघडपणे नोंदविलेले होते. त्याच्यासाठी गुप्त शोधाची गरज नव्हती. तरीही वीस वर्षे ती बातमी झाली नाही आणि वाढदिवसाचे एक वाक्य दोन आठवडे मुखपृष्ठावर राहिले. कृतीने झालेला अपमान छापण्याजोगा नसतो, उद्गाराने झालेला असतो. कारण उद्गार दूरचित्रवाणीवर पुन्हापुन्हा दाखविता येतो, मतदानाची नोंद दाखविता येत नाही. उद्गाराचा माणूस गेला की प्रकरण मिटते. लॉट यांच्या जागी बिल फ्रिस्ट आले. त्या मतांचे, त्या निवेदनांचे पुढे काय, हे कोणी विचारले नाही. लॉट स्वतः सिनेटमध्ये राहिले आणि नोव्हेंबर २००६ मध्ये पक्षाने त्यांना प्रतोदपदी निवडूनही दिले.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड हे डेमोक्रॅटिक पक्षाचे ज्येष्ठ सिनेटर. तरुणपणी, १९४०च्या दशकात, ते कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेचे सदस्य होते. १९६४ च्या नागरी हक्क विधेयकाविरुद्ध त्यांनी चौदा तासांहून अधिक भाषण केले होते. पुढे त्यांनी या भूतकाळाबद्दल अनेकदा पश्चात्ताप व्यक्त केला, हेही खरे. मार्च २००१ मध्ये फॉक्स वाहिनीवरील मुलाखतीत त्यांनी काळ्यांसाठी वापरली जाणारी सर्वांत हीन शिवी ‘गोऱ्या’ या विशेषणासह दोनदा उच्चारली. त्यांनी क्षमा मागितली आणि थोड्याच दिवसांत विषय मागे पडला. १ एप्रिल २००४ रोजी त्यांच्या सतरा हजाराव्या मतदानानिमित्त बोलताना त्यांच्याच पक्षाचे ख्रिस्तोफर डॉड यांनी अशी स्तुती केली की बर्ड हे देशाच्या कोणत्याही काळात थोर ठरले असते, यादवी युद्धाच्या काळातही. गुलामगिरीच्या प्रश्नावर पेटलेले ते युद्ध आणि क्लॅनचा माजी सदस्य! लॉट यांच्या उद्गाराशी याचे साम्य डोळ्यांत भरणारे होते. उजव्या लेखकांनी ते दाखवून दिले. डॉड यांनी क्षमा मागितली. परंतु सोळा महिन्यांपूर्वी लॉट यांच्यावर रकानेच्या रकाने लिहिणाऱ्यांची लेखणी या वेळी थंड राहिली.

दोन्ही प्रकरणे तंतोतंत सारखी नव्हती. लॉट यांनी एका विशिष्ट निवडणुकीची आणि म्हणून एका विशिष्ट कार्यक्रमाची स्तुती केली. डॉड यांनी एका सहकाऱ्याची सैल, अतिशयोक्त स्तुती केली. हा फरक खरा आहे आणि तो मांडता आला असता. पण तो मांडला पाहिजे होता. न मांडता गप्प बसणे हे फरक ओळखण्याचे लक्षण नव्हे.

सर्वांत बोधप्रद प्रकरण हॅरी रीड यांचे. रीड हे नेवाडाचे सिनेटर, सिनेटमधील डेमोक्रॅटिक बहुमताचे नेते. जानेवारी २०१० मध्ये मार्क हाल्परिन व जॉन हाइलमन यांचे २००८ च्या निवडणुकीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यातून रीड यांचे खासगीतील बोलणे बाहेर आले. बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष होऊ शकतील असे रीड यांना वाटत होते. कारण काय, तर त्यांचा वर्ण उजळ आहे आणि ते स्वतः इच्छितील तेव्हाच ‘नीग्रो’ वळणाने बोलतात, एरवी नाही. रीड यांनी तत्काळ क्षमा मागितली, ओबामांनी ती स्वीकारली आणि विषय संपला असे जाहीर केले.

लगेच रणांगण सजले, फक्त बाजू उलट झाल्या. रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष मायकेल स्टील, जे स्वतः कृष्णवर्णीय होते, त्यांनी रीड यांच्या राजीनाम्याची मागणी केली आणि लॉट यांना लावलेला न्याय रीड यांना का नाही असे विचारले. हे स्टील त्याच आठवड्यात फॉक्स वाहिनीवर मूलनिवासी इंडियनांना अपमानास्पद असलेला एक जुना वाक्प्रचार सहज वापरून गेले होते, ही गंमत येथे नोंदवून ठेवतो. डेमोक्रॅटिक बाजूच्या प्रवक्त्यांना मात्र सात वर्षांपूर्वी न दिसलेली क्षमाशीलता एकाएकी प्राप्त झाली. माणसाचे सारे आयुष्य पाहा, एक वाक्य पाहू नका, असे ते सांगू लागले. तत्त्व उत्तम आहे. २००२ साली ते कोठे होते? आणि लॉट यांचे सारे आयुष्य पाहिले असते तर निकाल अधिकच कठोर लागला असता, हे त्यांपैकी किती जणांच्या ध्यानात आले? उजवीकडील ज्येष्ठ स्तंभलेखक जॉर्ज विल यांनी मात्र या बोलण्यात वर्णद्वेषाचा लवलेशही नाही असे दूरचित्रवाणीवर स्पष्ट सांगितले आणि स्वपक्षाच्या मंडळींची पंचाईत केली.

आम्ही विल यांच्याशी पूर्णतः सहमत नाही. रीड यांनी शिवी दिली नाही, ओबामांचे अहित चिंतिले नाही. उलट त्यांना उभे राहण्यास त्यांनी उत्तेजन दिले होते. गोरा मतदार कसा विचार करतो याचे ते निदान होते आणि ते निदान बव्हंशी खरे असावे. सत्य सांगण्यासाठी उच्चारलेल्या शब्दाला आपत्ती नाही, या कसोटीवर रीड सुटतात. पण त्यांच्या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे. उजळ वर्ण आणि गोऱ्यांसारखे बोलणे ही पात्रतेची खूण. काळा वर्ण आणि काळ्यांची बोली ही अडचण. रीड यांनी या गृहीताबद्दल खंत व्यक्त केली नाही, ते सोयीचे म्हणून मोजले. ‘तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही’ ही स्तुती ज्याने आयुष्यात एकदा तरी ऐकली आहे, त्याला ही जखम समजावून सांगावी लागत नाही. आमच्यापैकी किती जणांना कचेरीत, वसतिगृहात, भाड्याची खोली पाहताना ही स्तुती ऐकावी लागली आहे! वर्षभर शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने आडनाव कळल्यानंतर आश्चर्याने उच्चारलेले ते वाक्य निंदेपेक्षा अधिक काळ कानात राहते. उच्च शब्दानेही ओमसवाद घडतो, असे विभंगकार का म्हणाला ते येथे कळते.

वृत्तपत्रांत चर्चा व्हावयास हवी होती ती या गृहीताची. प्रत्यक्षात ती झाली ‘नीग्रो’ या शब्दाची. त्या शब्दाचा इतिहासही कोणी नीट सांगितला नाही. एके काळी हाच शब्द स्वाभिमानाचा होता. तो मोठ्या आद्याक्षराने छापावा म्हणून ड्यू बॉइस प्रभृतींनी वर्षानुवर्षे झगडा केला आणि १९३० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते मान्य केले. १९६० च्या दशकाअखेर तो टाकला जाऊ लागला. आणि रीड यांच्यावर टीका चालू असता, त्याच २०१० सालच्या जनगणनेच्या सरकारी अर्जावर तो शब्द छापलेला होता. शब्दांचे आयुष्य असे असते. ‘हरिजन’ या शब्दाचे आपण काय केले आणि ‘दलित’ हा शब्द माध्यमांनी टाळावा असा सल्ला केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१८ साली दिला तेव्हा आपल्यातच किती मते पडली, हे वाचकांना आठवत असेल.

एका प्रकरणात तर लक्ष्य आपल्याकडचाच होता. ऑगस्ट २००६ मध्ये व्हर्जिनियाचे रिपब्लिकन सिनेटर जॉर्ज ॲलन यांनी प्रचारसभेत, प्रतिस्पर्ध्याच्या वतीने चित्रण करणाऱ्या भारतीय वंशाच्या एका तरुणाला माकडाच्या एका जातीचे नाव देऊन संबोधिले आणि अमेरिकेत तुझे स्वागत असो, असे सुनावले. तो तरुण व्हर्जिनियातच जन्मला होता. ॲलन सुमारे नऊ हजार मतांनी पडले. त्याच उन्हाळ्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे जो बायडन यांचा, भारतीय उच्चार असल्याशिवाय माणसाला दुकानात पाऊल टाकता येत नाही अशा आशयाचा विनोदही प्रसिद्ध झाला होता. ॲलन यांच्या बोलण्यात हिणवणे होते आणि बायडन यांच्या बोलण्यात थट्टा, म्हणजे एक पाचित्तिय आणि एक दुब्भासित असे म्हणता येईल. पक्षबद्ध लेखकांना दोनच मार्ग दिसले : दोन्ही अगदी सारखेच, किंवा आमच्या माणसाचे काहीच नाही.

अंगुत्तर निकायात आणि सिगालोवाद सुत्तात चार अगती सांगितल्या आहेत. माणूस छंदाने, द्वेषाने, मोहाने आणि भयाने अन्याय करतो. पक्षाच्या वृत्तपत्राची छंदागती व दोसागती उघडच आहे. मोहागती अधिक सूक्ष्म आहे. वाढदिवसाच्या दालनात बसलेल्या पत्रकारांना लॉट यांच्या वाक्यात बातमी दिसली नाही, ती लपविण्याच्या कारस्थानामुळे नव्हे, तर अशी वाक्ये ऐकण्याची त्यांना सवय होती म्हणून. आणि भयागती अशी की रोज ज्याच्या दारात बातमीसाठी उभे राहावयाचे त्या नेत्याला दुखवावयाचे कसे?

याला संस्थात्मक कारणेही आहेत. वादग्रस्त प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखविण्याचे बंधन अमेरिकेत प्रक्षेपकांवर १९४९ पासून होते, ते १९८७ साली काढून टाकले गेले. १९९६ साली एमएसएनबीसी व फॉक्स या वाहिन्या सुरू झाल्या आणि पुढे प्रेक्षकांची सरळ वाटणी झाली. पण आम्हांला याहून जुने कारण अधिक मूलभूत वाटते. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ च्या अहवालात नमूद केले होते की वृत्तव्यवसायातील संपादकीय नोकऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा पाचांहूनही कमी आहे आणि वृत्तपत्रे देशाकडे गोऱ्या माणसाच्या नजरेने पाहतात. ज्याचा अपमान झाला तो लिहिणाऱ्यांच्या खोलीतच नाही. मग त्याच्या वतीने दोन गोरे पक्ष भांडतात आणि तो त्या भांडणातली काठी होतो. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या व्याख्यानात बाबासाहेबांनी या देशातील वृत्तपत्रव्यवसाय हा साबणाच्या कारखान्यासारखा धंदा झाल्याचे सांगितले होते, त्याची येथे आठवण होते. १८२७ साली न्यूयॉर्कमध्ये ‘फ्रीडम्स जर्नल’ आणि १९२० साली मुंबईत ‘मूकनायक’ का निघाले, त्याचे उत्तर एकच आहे.

वृत्तपत्र बदलूच शकत नाही असेही नाही. ज्या जॅक्सन शहरात लॉट यांनी १९८० साली भाषण केले, तेथील ‘क्लॅरियन-लेजर’ने १९६३ सालच्या वॉशिंग्टनच्या महामोर्चानंतर मोर्चेकऱ्यांना कचरा संबोधून आता राजधानी स्वच्छ झाली असा मथळा दिला होता. त्याच वृत्तपत्राचे वार्ताहर जेरी मिचेल यांच्या शोधामुळे, १९६३ साली घराच्या दारात गोळी घालून मारल्या गेलेल्या मेडगर एव्हर्स यांचा खुनी १९९४ साली तुरुंगात गेला. एकतीस वर्षे लागली. आणि २०१९ साली असोसिएटेड प्रेसने आपल्या शैलीपुस्तकात, वर्णद्वेषी उद्गाराला ‘वर्णविषयक वादग्रस्त’ असा गुळमुळीत शब्द लावू नका, सरळ वर्णद्वेषी म्हणा, असे बजावले.

आमच्या स्वतःच्या नियतकालिकांविषयी बोलल्याशिवाय ही समीक्षा अप्रामाणिक ठरेल. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ साली झाला, त्यात जाणूनबुजून आणि लोकांच्या नजरेसमोर केलेला अपमान हा गुन्हा आहे. म्हणजे हेतू आणि प्रसंग दोन्ही पाहिले जातात. आम्ही ते पाहतो काय? चळवळीत गट पडल्यापासून आमच्या साप्ताहिकांतूनही असे घडत आले आहे की विरोधी गटाशी युती केलेल्या पक्षाचा पुढारी बोलला तर आठ रकाने, आणि आपल्या नेत्याच्या मित्रपक्षाचा पुढारी तेच बोलला तर चौकटीतील चार ओळी. एका संपादकाने आम्हांला खासगीत सांगितले की निषेधाचा मजकूर तयार होता, पण निवडणूक तोंडावर होती. हा संपादक वाईट माणूस नव्हे; त्याच्यावर भयागती आली होती. मातंग, चर्मकार वा भटक्या जमातींतील बांधवांविषयी आमच्याच व्यासपीठांवरून जे विनोद होतात, त्यांना ओमसवाद म्हणण्याचे धैर्य आम्ही अजून दाखविलेले नाही.

थर्मंड यांच्याविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. १९४८ च्या प्रचारात त्यांनी गर्जना केली होती की काळ्यांना आमच्या नाट्यगृहांत, पोहण्याच्या तलावांत, चर्चमध्ये आणि घरांत घेण्याची सक्ती करण्याइतके सैनिक या देशाच्या फौजेत नाहीत. जून २००३ मध्ये ते वारले. डिसेंबर २००३ मध्ये, त्या वाढदिवसानंतर जेमतेम एक वर्षाने, एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेने जाहीर केले की आपण थर्मंड यांची कन्या आहोत. तिची आई कॅरी बटलर ही थर्मंड यांच्या वडिलांच्या घरी कामाला असलेली सोळा वर्षांची काळी मुलगी होती. थर्मंड यांच्या कुटुंबाने हे मान्य केले. दक्षिण कॅरोलायनाच्या राजधानीत विधानभवनाच्या आवारात थर्मंड यांचा पुतळा आहे. त्याच्या दगडी चौथऱ्यावर मुलांची नावे कोरलेली आहेत आणि वर ते चार मुलांचे वडील असल्याचे लिहिलेले होते. २००४ साली तेथे पाचवे नाव कोरण्यात आले आणि ‘चार’चे ‘पाच’ करण्यात आले. जुना शब्द खोडल्याची खूण त्या दगडावर दिसते.